काकांची राई

मिल्टनच्या घरातून निघताना मी स्टोव्हची बटणं एकदा बघते, गाडीत जाऊन बसते, उतरते आणि पुन्हा जाऊन बघते. मागच्या सीटवरून माझी लेक ओरडते, “आई, यू ऑलरेडी चेक्ड!” नवरा गप्प असतो, कारण हा आजार मला कुठून लागला ते त्याला ठाऊक आहे. “बघून घेतलेलं बरं,” असं मी म्हणते आणि म्हणताना मला माझाच राग येतो. हे वाक्य माझं नाहीच मुळी. ते केंब्रिजच्या आमच्या घरमालकांचं. कॅनडात शिकायला आले तेव्हापासून पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, हातात पडेपर्यंत मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिले, आणि तेवढ्या काळात त्या माणसानं आपली सगळी काळजी मला आंदण देऊन टाकली.

आम्ही भाडेकरू मुली त्यांना काका म्हणायचो. कणकवलीकडचे. उंच, वाकलेले, आणि कपाळाला कायमची आठी. गावाकडे कारखान्याची चिमणीही न पाहिलेला हा माणूस इथे येऊन गाड्यांच्या कारखान्यात लागला आणि तपासनीस म्हणून निवृत्त झाला. तयार गाडी समोर आली की पातळ हातमोजा घालून तिच्या दारावरून, टपावरून तळहात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा हाताला कळतो म्हणे. खड्डा लागला की तिथे नारंगी खूण करायची आणि गाडी बाजूला काढायची. नोकरी सुटली, हात काही सुटला नाही. काका भिंतीवरून हात फिरवायचे, फ्रिजवरून फिरवायचे, ग्रोसरीत टरबूज घेताना सगळ्या टरबुजांवरून फिरवायचे, आणि मागे उभी असलेली पंजाबी बाई “अंकलजी, शादी करनी है क्या इससे?” म्हणायची.

पानं पिवळी व्हायच्या आतच त्यांच्या गाडीला विंटर टायर लागायचे. चौकात चारही बाजूंना स्टॉपची पाटी असली, की काका सगळ्यांना हातानं “जावा, जावा” करायचे. सगळे गेले तरी आणखी कोणी येतंय का म्हणून थांबायचे. हायवेवर तर गाडी घालायचीच नाही. शेजारच्या किचनर शहरात जायचं तरी आतल्या रस्त्यांनी, शेतं बघत बघत. एकदा अख्खा दिवस ते कशाचीच काळजी न करता बसले होते, तर काकूंनी मला वर बोलावून हळूच विचारलं, “अगं, बघ ना, यांना बरंबिरं नाही का?”

काकू गिरगावातल्या. बुटक्या, ठसठशीत, आणि जिभेला धार. “यांना काळजी नसली की मला काळजी वाटते,” असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि काका खाली मान घालून हसायचे.

अशा या भित्र्या माणसाला रानात जायचं वेड होतं. रान म्हणजे काय, एवढंसं. आमच्या नव्या वसाहतीच्या कडेला एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंचं जुनं शेतघर होतं, आणि त्यामागे झाडांचा एक तुकडा. या टोकाला उभं राहिलं की पलीकडच्या टोकाची टाउनहाउसं दिसायची. त्या बाई नव्या नवरीच्या इथे आल्या, तेव्हा इंग्लंडातल्या त्यांच्या गल्लीच्या टोकालाही म्हणे असंच रान होतं. त्या आठवणीपायी त्यांनी हे घर घ्यायला लावलं आणि झाडांखाली तिकडची निळी फुलं लावली. त्या त्याला ‘द वुड’ म्हणायच्या. काका त्या बाईंना मॅडम म्हणायचे आणि रानाला राई.

“देवराई माहीत आहे ना गो तुला? देवाच्या नावानं राखलेलं रान. काडी मोडायची नाही, पान उचलायचं नाही. आमच्या गावच्या राईत शेंदऱ्या पाषाण होता.”

“होता म्हणजे? आता राई नाही?”

“रस्त्यात गेली.”

मॅडमच्या रानात त्यांनी त्या राईचा कायदा जसाच्या तसा लागू केला होता. तोंडाशी बूट काढायचे. मोजे मात्र ठेवायचे, कारण गवतात टिक असतात, म्हणजे आपल्याकडची गोचीडच, आणि ती चावली की मोठं दुखणं लागतं. म्हणून पँट मोज्यात खोचून वरून चिकटपट्टी. असा अवतार करून हा माणूस बर्फातसुद्धा मोज्यांवर चालायचा. एकदा मॅडमनी विचारलं, बूट का काढता? काका म्हणाले, “टेंपल, मॅडम.” त्या दिवसापासून मॅडम रानात शिरताना आपली टोपी काढून हातात धरायला लागल्या.

बेसमेंटमधल्या बाकीच्या दोघी एकदा आल्या आणि टिकचं नाव ऐकून परत फिरकल्या नाहीत. मी जायचे. नागपूरची मी, झाड म्हणजे सावली, एवढंच मला ठाऊक. पण रविवारी खोलीत बसलं की पीआरचा विचार, ईमेल आला का ते बघायचं, पाच मिनिटांनी परत बघायचं. त्यापेक्षा काकांची काळजी ऐकलेली बरी. दुसऱ्याच्या काळजीत आपली जरा विसरायला होते.

पहिल्याच खेपेला मी एक लालभडक मेपलचं पान उचलून फोनच्या कव्हरमध्ये घातलं. आईला फोटो पाठवायचा होता. निघताना काकांनी राईच्या तोंडाशी उभं करून झडती घेतली: खिसे उलटे करा, बूट आपटा, मोज्यांवरची कुसळं काढून इथेच टाका. पान काही सापडलं नाही. घरी येऊन चहा प्यायला बसलो आणि मी कौतुकानं ते पान टेबलावर ठेवलं. बाप्पा! काका उभेच राहिले.

“अगो, काय केलंस हे?”

“काका, पान आहे. खाली लाखभर पडलेत.”

“लाखभर त्याची. तुझं एकही नाही. चल.”

चहा तसाच ठेवून, आतल्या रस्त्यानं, सगळ्या चौकांत सगळ्यांना वाट देत आम्ही एक पान परत ठेवायला गेलो. येताना मी चिडलेलीच होते. भैताड म्हातारा, असं मनात तीनदा म्हटलं. काका मात्र सुटल्यासारखे शीळ घालत होते.

त्या रानाच्या मधोमध एक बीचचं झाड होतं, सगळ्यांत थोरलं, दोघांच्या कवेत न मावणारं. बीचची साल गुळगुळीत, राखाडी. काका हातमोजा काढून तिच्यावरून उघडा तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, “बघ, एक खड्डा नाही.” मग त्या झाडासमोर हात जोडून गाऱ्हाणं घालायचे. एरवी पुटपुटणारा हा माणूस तेव्हा खणखणीत मालवणीत बोलायचा.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. परमुलखात पडली हत. तेंच्या वाटेत काय वाकडातिकडा असात, तर ता दूर कर रे म्हाराजा!”

इथे मी “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. पहिल्यांदा मला हसूच फुटलं. काका डोळे न उघडता म्हणाले, “हस, पण म्हण.”

“ह्या चेडवाचो पीआर खंयच्या टेबलावर अडाकलो असात, तर तो सोडव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे मात्र मी, म्हणजे त्या चेडवानं, इतक्या जोरात म्हटलं की पलीकडच्या टाउनहाउसमधला कुत्रा भुंकायला लागला.

मग काकूंच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि बायपास करायची ठरली, किचनरच्या हॉस्पिटलात. काकू म्हणाल्या, “करून टाका एकदा.” काका मात्र वाळत चालले. जेवताना घास हातात धरून बसायचे. स्टोव्ह बघायचे, दार बघायचे आणि परत येऊन काकूंकडे बघायचे, जणू त्यांच्यातला खड्डा हातानं शोधायचा राहून गेला होता. एकदा मला म्हणाले, “माझ्या हाताखालून इतक्या गाड्या गेल्या गो, आणि घरातल्या माणसाचं मला कळलं नाही.” मी नुसता चहा ठेवला.

ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यात एका रविवारी त्यांनी खिशातून डबी काढली. तेलात कालवलेला शेंदूर. इंडियन ग्रोसरीतून आणून घरी कालवला होता, काकूंच्या नकळत. त्यांनी बीचच्या बुंध्यावर, छातीच्या उंचीवर तळहाताएवढा शेंदूर लावला आणि गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं. ओठ हलत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “तिची राखण कर.” मालवणीत नाही, साध्या मराठीत. मी “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि मला रडू आलं.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी गेलो तर राईत इकडेतिकडे झाडांवर नारंगी खुणा. काका एका झाडाकडून दुसऱ्याकडे धावायला लागले, मोज्यांवर, ओल्या पाचोळ्यातून.

“अगो, बघ! बघ! आपलं कोणीतरी येऊन गेलं! आपला शेंदूर बघितला त्यांनी आणि हात जोडले!”

वसाहतीत चार गुजराती घरं होती, दोन तेलुगू, मारुतीचे भक्त पुष्कळ. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. त्या दिवशी परत येताना काका चौकात एकालाच वाट देऊन दुसऱ्या नंबरलाच निघाले. घरी आल्यावर काकूंनी मला खूण करून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, देवाला शेजारी मिळाले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काकूंना आत नेताना त्यांनी माझा हात धरला. “माझ्याकडे बघायला डॉक्टर आहेत. तू यांच्याकडे बघ.” स्ट्रेचर वळलं आणि दार बंद झालं.

काका बसेनात. वेटिंग रूममधल्या खुर्च्यांचे पाय हलतात का ते बघत फिरत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडमचा होता. काका “येस मॅडम, ओके मॅडम, थँक यू” म्हणाले आणि फोन ठेवून मला सांगायला लागले. त्यांचं निम्मं लक्ष दाराकडेच होतं.

“आज राईत येऊ नका म्हणतायत. झाडं पाडायला माणसं आलीत. उद्या पाऊस आहे म्हणून आजच.”

“कुठली झाडं?”

“ते अ‍ॅश मेलेत ना किडीनं, ते. कोणाच्या अंगावर पडू नयेत म्हणून. खुणा करून ठेवल्या होत्या म्हणे, नारंगी...”

ते तिथेच थांबले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, आणि तो मी विसरूही शकलेली नाही.

“अगो,” ते म्हणाले, “आयुष्यभर मीच करत होतो ती खूण. नारंगी म्हणजे बाद. मला कसं कळलं नाही गो?”

मॅडमना परत फोन लावला. वाजत राहिला. त्यांना कमी ऐकू येतं, आणि त्या बागेत गेल्या असल्या तर संपलंच. काका उठले, बसले, दाराकडे बघितलं, परत उठले. त्यांना जाववतही नव्हतं आणि बसवतही नव्हतं. आत बायको, तिकडे झाड, आणि झाडावर स्वतःच्या हातानं केलेली खूण. मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात कोंबली. आतल्या रस्त्यांवर मला चालवायला शिकवतानाही ज्या गाडीच्या काचेला मी बोट लावलेलं त्यांना खपत नसे, ती गाडी.

“काका, मला नीट येत नाही अजून.”

“येतं. मी शिकवलंय.” आणि मग जे आजवर कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले. “हायवेनं जा.”

हायवेवर मी त्याआधी कधीच एकटी गेले नव्हते. दोन्ही बाजूंना ट्रक, मागून हॉर्न, माझे हात स्टिअरिंगला चिकटलेले. मी रडत होते आणि रडता रडता स्वतःला शिव्या घालत होते, की नागपूरची पोरगी ना तू, रिक्षा-स्कूटरच्या गर्दीतून कॉलेजला जायचीस ना, मग चालव ना आता! मनात दुसरं काही नव्हतं. ते झाड पडलं आणि आत काही बरंवाईट झालं, तर हा माणूस दोन्हीचा दोष स्वतःच्या हाताला देणार, आणि मग तो उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गाडीचं दार उघडलं तेव्हाच करवतीचा आवाज आला. मग कडाड असं काहीतरी मोडलं, आणि जमीन हादरली. मी बुटांसकट आत धावले. हेल्मेट घातलेला एक माणूस दोन्ही हात हलवत ओरडला, “मॅम, यू कान्ट बी हिअर!”

“थांबा! ते नाही! ते झाड नाही!” मी मराठीतच ओरडत होते.

पडलेलं झाड अ‍ॅशचं होतं. बीच उभं होतं. पण दुसरा माणूस त्याच्याशी वाकलेला, आणि त्याची करवत सालीला टेकलेली. माझं ओरडणं ऐकून त्यानं ती बंद केली. सालीवर बोटभर लांबीची चीर पडली होती, ताजी, पांढरी.

मी धापा टाकत, येईल तसं इंग्लिशमध्ये सांगितलं: हा तुमचा रंग नाही, पूजेचा आहे, एका माणसाची बायको ऑपरेशनला आत आहे, हे तिच्यासाठी लावलंय. त्यानं शेंदरावर बोट घासलं, वास घेतला. “दॅट्स नॉट माय पेंट,” तो म्हणाला. एवढ्या निरोगी झाडावर आपण खूण कशी केली, हे त्यालाही सकाळपासून कोडं होतं. पण खूण ती खूण. मी बाहीनं शेंदूर पुसायला लागले, तर तो निघेचना, नुसता माझ्या हातांवर पसरत गेला. तेव्हा तो माणूस ट्रककडे गेला आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन आला. निळी खूण म्हणजे हे राहू द्यायचं. शेंदराच्या शेजारी त्यानं एक मोठा निळा ठिपका मारला, आणि मला म्हणाला, “गुड लक टू द लेडी.”

मी परत पोचले तेव्हा काका कॉरिडॉरच्या भिंतीवर तळहात ठेवून उभे होते. मी “काका” म्हटलं, तर त्यांनी हात वर केला. “नको. आधी ती बाहेर येऊ दे.”

डॉक्टर आले. सगळं नीट झालं होतं. काका तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या शेजारी बसून म्हटलं, “काका, झाड...” त्यांनी माझे शेंदरानं माखलेले हात बघितले, दोन्ही हातांनी माझ्या मुठी मिटल्या आणि म्हणाले, “सांगू नको गो. काहीच सांगू नको.”

आणि खरंच त्यांनी विचारलं नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुठलीही गोष्ट बघितल्याशिवाय सोडली नाही, त्यानं ते झाड उभं आहे की पडलं, हे बघितलं नाही. मॅडमना फोन केला नाही. ग्रोसरीला जायचा रस्ता बदलला, राई दिसू नये म्हणून. मी एकदा जेवताना मुद्दाम म्हटलं, “काका, ते झाड...” तर पुढचं ऐकायच्या आत त्यांनी कानात बोटं घातली. मला वाटतं, त्यांच्या मनानं घेतलं होतं की काकू चालत्याबोलत्या आहेत तोवर काही हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही.

त्या हिवाळ्यात त्यांचं सगळं बघणं काकूंवर येऊन ठेपलं. जिना चढताना बघायचं, श्वास बघायचा, ताट बघायचं. काकू घरात फिरल्या की मागे काका. “ऑपरेशननं मेले नाही, आता हा माणूस काळजीनं मारणार मला,” काकू म्हणाल्या, आणि त्या हसत नव्हत्या. मी त्यांना एकदा राईची सगळी हकिकत सांगितली. त्यांना शेंदराचाही पत्ता नव्हता. ऐकून त्यांनी खिडकीचा पडदा सरकवून बाहेरचा बर्फ बघितला. मग म्हणाल्या, “बर्फ वितळू दे.”

मे महिन्यातल्या एका रविवारी काकूंनी पंजाबी ड्रेस घातला, सलवार मोज्यात खोचली आणि चिकटपट्टी माझ्या हातात दिली. “लाव गं. आणि यांनाही लाव.”

काका नको नको म्हणत होते. राईच्या तोंडाशी त्यांनी डोळेच मिटले. काकूंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना चालवत आत नेलं. मॅडमची निळी फुलं फुलली होती, आणि मॅडम लांबून टोपी हातात धरून बघत होत्या. काकूंनी काकांचा तळहात उचलून सालीवर ठेवला.

काकांचा हात आधी नुसता टेकून राहिला. मग तो फिरायला लागला, हळूहळू, सवयीनं. शेंदरावरून गेला, निळ्या ठिपक्यावरून गेला, आणि खाली एका जागी थांबला.

“लागलंय याला,” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते मिटलेलेच होते. “चीर आहे इथं.”

काकूंनी त्यांचा दुसरा हात घेतला आणि स्वतःच्या ओढणीवर, छातीच्या मधोमध ठेवला. “मलाही आहे. दोघं उभे आहोत ना? उघडा डोळे.”

काकांनी डोळे उघडले. गाऱ्हाणं घालायला हात जोडले, आणि ते काकूंकडेच बघत राहिले. तेव्हा काकू पुढे झाल्या. गिरगावातल्या बाई, मालवणी धड येत नाही, पण कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत त्यांनी सुरुवात केली.

“बा देवा महाराजा! हा माणूस तुझ्या पायाशी आलाय. आयुष्यभर सगळ्या जगाची काळजी यानं एकट्यानं वाहिली. आता यातली अर्धी तरी तू घे, आणि याला रात्री झोप लागू दे, रे महाराजा!”

मी “व्हय म्हाराजा” म्हणणार, तेवढ्यात काकूंनी मला हातानं थांबवलं आणि काकांकडे बघितलं. पलीकडून हायवेचा आवाज येत होता.

“व्हय म्हाराजा,” काका म्हणाले.